खालच्या सहा ओळी

पाचवी बाटलीही गढूळ निघाली तेव्हा धाकट्याने दिवा विझवला आणि खुर्चीत अंग टाकलं.

"घ्या," तो म्हणाला. "आणखी कुणाला हौस असेल तर सहावी आणतो."

हौस कुणालाच नव्हती. रविवारचं जेवण होऊन तास उलटला होता. ताटं उचलली गेली होती, पण टेबलावरचे पावाचे कण कुणी पुसले नव्हते, आणि मधोमध लाकडी खोक्यात पाच बाटल्या खाली डोकं वर पाय करून उभ्या होत्या. थोरली त्यांच्या अगदी समोर बसली होती. ही काही तिची नेहमीची जागा नव्हे. पण आज सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या अशा धरल्या होत्या की तिच्या वाट्याला हीच उरली. एका बाजूला धाकटा भाऊ आणि त्याची बायको, टोकाला आई, खिडकीशी काका. कोर्टात बसवावं तसं सगळं. अकरा वर्षं तळघर सांभाळणारी एक्कावन्न वर्षांची बाई आज घरच्याच माणसांपुढे आरोपी होती. तिला राग यायला हवा होता. पण पहाटे पाचपासून उभं राहिलेल्या माणसाला राग यायलासुद्धा थोडी ताकद शिल्लक लागते.

ही वाइन बाबांची होती. सात वर्षांपूर्वी कुठल्या पिंपातलं किती घ्यायचं हे त्यांनी ठरवलं, बाटल्या भरून झाल्या, आणि महिन्याभरात ते गेले. त्यांच्या हातची ती शेवटची. तेव्हापासून सहा हजार बाटल्या तळघरात आडव्या पडून होत्या. बाटलीत बंद केलेलं यीस्ट साखर खातं, फेस तयार करतं, आणि काम झालं की मरून गाळ होऊन बसतं. वाइन स्वच्छ हवी तर तो गाळ बाटलीच्या मानेत आणायचा. त्यासाठी भोकं पाडलेल्या लाकडी घोड्यांवर बाटल्या मानेकडून अडकवायच्या आणि रोज एकेक बाटली हाताने जराशी फिरवत, जराशी उभी करत न्यायची. बुडावर पांढऱ्या रंगाची खूण असते. ती आज कुठे होती आणि उद्या कुठे हवी, यावर सगळा हिशेब. थोरलीला कुणी तिचं काम विचारलं की ती म्हणायची, "सहा हजार जणांच्या माना रोज थोड्याथोड्या पिरगाळते, बाकी काही नाही."

पाच आठवड्यांत गाळ मानेत उतरायला हवा होता. गुरुवारी तो काढणारी गाडी येणार होती. आणि गाळ उतरलाच नव्हता. वाइनमध्ये तो धुरासारखा तरंगत होता.

"थंडी," भावजय म्हणाली. ती घरची लॅब बघायची, आणि कुठलीही गोष्ट समजावून सांगताना बोटं मोजायची, म्हणून नवरा तिला मास्तरीणबाई म्हणायचा. "तळघराबाहेर नवी नाली खणल्यापासून फरशीतून गार हवा येते. दुसरं काही असूच शकत नाही."

"दुसरं असू शकतं," धाकटा म्हणाला. "यीस्ट."

भावजयीची बोटं मोजता मोजता थांबली. या बाटल्यांसाठीचं यीस्ट तिने निवडलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यावरचं तिचं ते पहिलं काम. "असं?" ती म्हणाली. "मग सात वर्षं गप्प कसा बसलास?"

"मी यीस्टच आहे असं म्हणत नाही. मी म्हणतो, तीन गोष्टी आहेत. यीस्ट, तळघर, हात. यीस्ट तपासलंस, ठीक. तळघर आजोबांनी खणलंय, तेव्हापासून तेच आहे. मग राहिलं काय?"

राहिलं काय हे सगळ्यांना कळलं होतं. थोरलीचे हात मांडीवर होते. तिने ते टेबलाखाली तसेच ठेवले.

"स्पष्ट बोल की," ती म्हणाली.

"ताई, मी तुझ्यावर नाही बोलत."

"मग कुणावर बोलतोस? बाटल्यांवर?"

"पन्नाशीनंतर हात तसा राहत नाही, एवढंच म्हणतोय. माझेही गुडघे गेलेत. त्यात कमीपणा कसला?"

आई संत्रं सोलत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई कुठल्याही भांडणात आधी एक फळ सोलायची आणि ते खाऊन होईपर्यंत तोंड उघडायची नाही. हंगामाच्या शेवटी याच टेबलावर तिने निर्णय दिला होता: बाबांची वाइन हाताने उतरू दे. नीट उतरली तर तळघर थोरलीचं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. नाही उतरली तर यंत्र. यंत्र म्हणजे लोखंडी पिंजरा. पाचशे बाटल्या एकदम आत घालायच्या, बटण दाबायचं, आठवड्यात गाळ मानेत. धाकट्याने त्याची छायाचित्रं तीन वर्षं फोनमध्ये जपून ठेवली होती, लोक मुलांची ठेवतात तशी.

"भावजी, तुम्ही काय म्हणता?" आईने विचारलं.

काकांनी डोळे उघडले. थोरलीच्या आधी तीस वर्षं तेच घोड्यांपुढे उभे असायचे. मग दोन्ही खांदे निकामी झाले. हात छातीच्या वर जाईना, डॉक्टरांनी कानउघाडणी केली, आणि आईने त्यांच्याकडून तळघराची किल्ली काढून घेतली. थोरलीला त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे शेजारी उभं राहून "हं" आणि "अंहं" एवढंच म्हणाले, दोन वर्षं.

"वाइनमध्ये खोट नाही," काका म्हणाले. "दादाने जुळवलेली आहे. हिचा हात हलका पडतो, हे मी पहिल्यापासून सांगत आलो. मनगटाला झटका नाही. पण तरी..." ते जरा अडखळले. "तरी एवढं गढूळ निघायला नको होतं. ते मला कळत नाही."

"म्हणजे हातच," धाकटा म्हणाला.

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

"मला कळत नाही असं म्हटलं. माणसाला एखादी गोष्ट कळली नाही तर चालतं, धाकट्या. तुलाच चालत नाही."

भावजय हसली आणि नवऱ्याने बघताच गप्प झाली. आईने संत्र्याची शेवटची फोड तोंडात टाकली, बोटं पुसली.

"चार वाजता पुन्हा बसू," ती म्हणाली. "तोवर जरा पडते मी. पण चारला ठरेल. मला आता हा विषय उशाशी घेऊन झोपायचं नाही."

काका आधी उठले. रविवारीच काय, रोजच ते जेवणानंतर मागच्या खोलीत पडायचे, दोन ते साडेतीन, आणि त्या वेळेत त्यांना कुणी हाक मारायची नाही असा घरचा शिरस्ता होता.

थोरली तळघरात उतरली ती काही शोधायला नव्हे. तिला वर बसवत नव्हतं, इतकंच. पण रिकामं बसण्याची सवय मोडलेली, म्हणून तिने हातदिवा पेटवला आणि पहिल्या घोड्यापासून एकेक बाटली दिव्यासमोर धरायला लागली. शुक्रवारी तिने हाताशी येतील त्या दहा-बारा बाटल्या बघितल्या होत्या आणि धीर सुटून तिथेच थांबली होती. धाकट्यानेही वर नेताना हाताशी आल्या त्याच उचलल्या असणार.

पहिल्या घोड्याची सगळ्यात वरची ओळ स्वच्छ होती. तिला खरं वाटेना. तिने बाटली पुन्हा धरली. गाळ मानेत, टोपणाच्या आत, बोटभर घट्ट बसलेला, आणि वरची वाइन लख्ख. दुसरी ओळ तशीच. तिसरी, चौथी. पाचवीपासून धूर. खाली दहाव्या ओळीपर्यंत धूरच.

दुसरा घोडा तसाच. तिसराही. चार ओळी लख्ख, सहा गढूळ. म्हणजे भावजयीचं बरोबर, तिच्या मनात आलं, जमिनीची थंडी. तिला इतकं बरं वाटलं की ती तशीच जवळजवळ धावत टोकापर्यंत गेली. टोकाला फरशी दोन पायऱ्यांनी उंच आहे, तिथले सहा घोडे बाकीच्यांपेक्षा चांगले गुडघाभर वर उभे असतात. थंडी जमिनीलगत साचत असती तर इथे रेघ खाली सरकायला हवी होती. रेघ सरकली नव्हती. इथेही चार स्वच्छ, पाचवीपासून गढूळ.

थंडीला घोड्याच्या ओळी मोजता येत नाहीत. माणसाला येतात.

ती तिथेच उभी राहिली. घोड्यांच्या आडोशाला बुटकं स्टूल होतं, बाटल्या मांडताना टेकायचं. तिने ते ओढलं, बसली, आणि हात समोर धरला. छातीच्या वर जाऊ न देता. बोटं बरोबर पाचव्या ओळीवर टेकली.

मागच्या दाराची कडी वाजली तेव्हा तिने दिवा मालवला. का मालवला हे तिलाही सांगता आलं नसतं. अंगणाच्या बाजूचं ते दार, त्याची एक जुनी किल्ली कुठेतरी आहे असं सगळ्यांनाच माहीत होतं आणि कुणीच शोधली नव्हती. काका आत आले, पायात घरातल्या मऊ सपाता. त्यांनी भिंतीवरचा बारका दिवा लावला, दाराजवळचं दुसरं स्टूल पहिल्या घोड्यापुढे ठेवलं, जरा कण्हत बसले, आणि कामाला लागले.

दोन्ही हातांत दोन बाटल्या. मनगटाचा झटका उजवीकडे, झटका डावीकडे, काचेचा लाकडावर खट् असा आवाज, मग अंगठ्याने बुडावरची खूण चाचपून ती होती तिथे परत. पुढच्या दोन. खट्. या वयात, त्या खांद्यांनी, इतकं सफाईदार. थोरली आधी नुसती बघतच राहिली; शिकत असताना बघायची तशी. मग तिला ते काय करताहेत हे कळलं. पहाटे ती गाळाला अलगद एक पाऊल खाली सरकवायची, आणि दुपारी काका त्याला झटक्याने उठवून बसवायचे. जाड गाळाला तो झटका चालतो. बाबांच्या या वाइनचा गाळ पिठासारखा बारीक होता. तो बिचारा पाच आठवडे खाली बसायची संधी शोधत होता.

"काका."

ते दचकले नाहीत. हातातल्या दोन बाटल्यांची खूण आधी जागेवर आणली, मग वळले.

"पडली नाहीस तू?"

"तुम्ही पडायला गेला होतात."

"या वयात झोप कुठली. नुसतं छताकडे बघत पडायचं." त्यांनी गुडघ्यांवर हात पुसले. "वहिनींना सांगणार असशील तर सांग."

"कधीपासून चाललंय?"

"बाटल्या घोड्यावर चढल्या त्या दिवसापासून. दादाची शेवटची आहे गं. ती नुसती तुझ्यावर टाकून मी छताकडे बघत पडू?" मग चोरी पकडल्यावर मूल हसतं तसे ते हसले. "तुला कळू नये म्हणून खूण जिथल्या तिथे ठेवतो. पहाटे तू येशील तेव्हा तुझं तुला जसंच्या तसं दिसायला हवं. उगाच तुझा अपमान कशाला? एकदा तरी कळलं का?"

"नाही."

"बघ," काका म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

थोरलीच्या तोंडात वाक्य आलं होतं. तुमच्यामुळे. एकच शब्द, बाकी काही लागलंच नसतं. हा एक शब्द तिच्याकडे नव्हता म्हणून धाकट्याने शुक्रवारपासून तिचा जीव खाल्ला होता; तो उच्चारला की तळघर तिचं. ती काकांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. रंग लागून लागून त्याचं नख पांढरं झालं होतं. तिचंही तसंच होतं. पाच आठवडे एकाच टेबलावर जेवत होते आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"वरच्या ओळींना हात पुरत नाही माझा," काका म्हणाले. "त्या चार तुझ्या एकटीवर राहिल्या. त्या तर फारच वाईट असतील, नाही?"

"सारख्याच आहेत," थोरली म्हणाली.

"सारख्याच." त्यांनी मान हलवली. "मग मला काही कळत नाही बाई."

त्यांना तिने हाताला धरून उठवलं, दार लावून घेतलं, मागच्या खोलीपर्यंत सोडलं. आज राहू द्या म्हणाली, आणि त्यांनी ऐकलं. मग ती तळघराच्या पायऱ्यांवर येऊन बसली. चारला अजून वेळ होता.

सांगायचं नाही हे तिचं ठरून गेलं होतं. त्यात मोठेपणा वगैरे काही नव्हता. पंचाहत्तरीला टेकलेल्या काकांना, भावाची शेवटची वाइन तुम्ही बिघडवलीत, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दोष आपल्यावर घ्यायचा, यंत्र येऊ द्यायचं, संपलं. गढूळ बाटल्या यंत्राने पुन्हा नीट होतील, वाइन काही मेलेली नाही. मरणार होतं ते फक्त तिचं काम. तिने ते पुन्हा एकदा मनाशी म्हणून पाहिलं. उद्या पहाटे पाचला उठायचं नाही. परवाही नाही.

आणि तिला हलकं वाटलं.

आधी ती घाबरलीच. अकरा वर्षं जे काम तिने जिवापाड धरून ठेवलं, ज्यासाठी सख्ख्या भावाशी तीन वर्षं धड बोलली नाही, ते जाणार म्हटल्यावर छाती भरून यायला हवी होती. तिला मात्र पहिल्यांदा आठवलं ते स्वेटरचं बटण. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी तिला बटणं लावता येत नव्हती; बोटं तासभर उघडायची नाहीत. रात्री मनगटाला पट्टा बांधून झोपायची आणि उजाडायच्या आत सोडायची, कुणाला दिसू नये म्हणून. बाटल्यांना रविवार नसतो, आजारपण नसतं. लेक समुद्राकाठच्या गावी नोकरीला लागून चार वर्षं झाली. दर फोनला म्हणायची, आई, महिनाभर ये. ही दर फोनला म्हणायची, अगं बाटल्या आहेत. आता बाटल्या नसतील. महिनाभर जाता येईल. सकाळी आठपर्यंत झोपता येईल, दुसऱ्याने केलेली कॉफी पिता येईल, दोन्ही हात नुसते मांडीवर ठेवून.

तिला त्या आनंदाची लाज वाटली. पण लाज वाटूनही तो गेला नाही. पायरीवर बसून ती स्वतःशीच थोडी हसलीसुद्धा.

चारला सगळे पुन्हा त्याच खुर्च्यांवर होते. भावजय शेवटी आली, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, आणि बोलायला उतावीळ दिसत होती. थोरलीने तिला वाव दिला नाही.

"मीच सांगते," ती म्हणाली. "हात माझाच. धाकट्याचं बरोबर आहे. यंत्र आणा."

धाकटा भांडायच्या तयारीने आला होता. समोरचा दरवाजा आपोआप उघडल्यावर ढकलणारा माणूस तोल जाऊन पडतो, तसा तो झाला. "ताई, असं एकदम..." तो म्हणाला. "मी म्हणजे... तुला काढायचं म्हणून नव्हतो म्हणत."

"माहीत आहे मला. मी दमलेय, एवढंच. आई, तू हो म्हण."

आईने तिच्याकडे बघितलं. फळ सोलायला घेतलं नव्हतं. बघायला तिला पूर्ण वेळ होता.

"काही खोट नाही तिच्या हातात."

काका उभे राहिले होते. टेबलाला धरून. थोरली म्हणाली, "काका, बसा," पण त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"तिला एकटीला दोष देऊ नका. मी गप्प बसलो तर मला अन्न गोड लागणार नाही. वहिनी, तुम्ही माझी किल्ली काढून घेतलीत, पण मागच्या दाराची माझ्याकडे होती. पहिल्या दिवसापासून मी रोज दुपारी खाली जातो. तिचा हात जिथे कमी पडेल तिथे माझा पुरा करतो. तेव्हा बिघडलं असेल तर तिच्या हाताने नाही. हाताचं काम दुप्पट झालंय. दुसरं काहीतरी कारण आहे, ते शोधा. हिला काढू नका."

धाकट्याचं तोंड उघडं ते उघडंच होतं. काका जरा दम खाऊन उभे होते. कित्येक वर्षांत त्यांचे खांदे इतके ताठ दिसले नव्हते.

"काका," भावजयीने हळूच विचारलं, "किती ओळी करता तुम्ही?"

"खालच्या सहा. वर हात जात नाही."

भावजयीने मांडीवरचा टॉवेल दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिच्या तोंडावरचा रंग बघून थोरलीला कळलं: हीही खाली जाऊन आली होती. थंडीचा पुरावा शोधायला गेली असणार, आणि तिला सापडला होता.

"काय आहे ते?" आईने विचारलं.

"काही नाही, आई. नंतर दाखवते."

"आत्ता दाखव."

"राहू दे ना आई," थोरली म्हणाली, आणि तिच्या आवाजानेच आईची खात्री पटली.

"दाखव म्हटलं ना मी."

दोन बाटल्या होत्या. भावजयीने त्या टेबलावरच्या खोक्यात उलट्या ठेवल्या. धाकट्याने, काय होतंय हे न समजून, सवयीने दिवा लावला. एक बाकीच्या पाचांसारखी. दुसरीतून दिव्याची तार दिसत होती, आणि पलीकडे आईच्या चष्म्याची काडीसुद्धा.

काका वाकले. बराच वेळ बघत होते. त्यांची नजर आता तितकी राहिली नव्हती, पण एवढं दिसायला नजर लागत नाही.

"ही कुठली?"

भावजयीने टॉवेलाची घडी घालायला घेतली.

"वरच्या ओळीतली आहे ही," ते म्हणाले. "मी न केलेली." मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "सारख्याच आहेत म्हणालीस तू."

थोरलीला मान वर करता आली नाही. तिला वाटलं, ते आता खाली बसतील, कुणीतरी पाणी आणेल, आणि हा दिवस एकदाचा संपेल. पण काका बसले नाहीत. त्यांनी ती स्वच्छ बाटली खोक्यातून उचलली, दोन्ही हातांनी, छातीपर्यंत येईल तेवढी, आणि आईसमोर नेऊन ठेवली.

"वहिनी," ते म्हणाले, "मी तीस वर्षं हे काम केलं. असा गाळ माझ्याने कधी बसला नाही. हिचा हात हलका आहे म्हणत होतो ना मी? तो हलकाच हवा होता. माझ्यापेक्षा चांगला हात आहे हिचा. दादा असता तर त्यालाही हेच सांगितलं असतं."

खिशातून किल्ली काढून त्यांनी बाटलीशेजारी ठेवली आणि मग ते बसले.

पुढचं सगळं फार भराभर झालं. धाकटा उठून ताईच्या खुर्चीमागे आला, काय करावं न सुचून तिच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "मी गाढव आहे." भावजय म्हणाली, "एकदाचं कबूल झालं," आणि डोळे पुसले. गुरुवारच्या गाडीला फक्त वरच्या चार ओळी द्यायच्या, खालच्या सहा काढून, हलवून, आडव्या निजवून महिनाभर विश्रांती, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, असं तिने बोटांवर मोजून सांगितलं. धाकटा म्हणाला, "यंत्राचं नाव काढणार नाही मी. हे बघा, फोटो पुसून टाकले." त्याने खरंच पुसले, दाखवत दाखवत पुसले. काका खाली मान घालून बसले होते, पण त्यांचे कान थोरलीकडे होते. हे तिला न बघता कळत होतं. स्वतःचं नाक कापून घेऊन त्यांनी तिला तिचं तळघर परत दिलं होतं, आणि ती ते घेते की नाही एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"तर मग ठरलं," आई म्हणाली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. "तळघर थोरलीचं. आणखी दहा वर्षं तरी मला काळजी नाही. काय थोरले? सांभाळशील ना?"

दहा वर्षं. थोरलीने मनात सहा हजार गुणिले काहीतरी करायला घेतलं आणि सोडून दिलं. आता बोलायला हवं होतं. आई, माझे हात गेलेत. आई, मला नको आहे. चार शब्द, तेवढंच. तासाभरापूर्वी पायरीवर हसत बसलेली बाई ते सहज बोलून गेली असती. पण समोर चार माणसं तिच्याकडे अशी बघत होती की जणू तिला केवढं मोठं काही मिळालंय, आणि त्यातल्या एकाने त्यासाठी काय दिलं होतं ते तिने आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हो," ती म्हणाली.

"उद्यापासून लाग मग कामाला. आज विश्रांती घे."

"उद्यापर्यंत कशाला," थोरली उठत म्हणाली, "आत्ताच जाते. खालच्या बाटल्या उतरवायला घेते."

"बघ, कशी आहे!" धाकटा बायकोला म्हणाला, आणि सगळे कौतुकाने हसले, काकासुद्धा. थोरली त्यांच्याकडे पाठ करून तळघराच्या पायऱ्या उतरली. कामाची तिला कसलीच घाई नव्हती. तिला फक्त रडायचं होतं, आणि घरात तेवढी एकच जागा तिची होती.